वीतभर जमीन

अचूक सरांनी शेजारच्या प्लॉटची मोजणी केली आणि मेहुण्यांकडे वीस सेंटिमीटर जमीन जास्त निघाली. वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. एवढ्या जागेत धड एक कुंडीही बसत नाही, पण भांडण मात्र ऐसपैस बसलं.

सर तंत्रनिकेतनात भूमापन शिकवायचे. 'अचूक सर' हे नाव मुलांनी ठेवलेलं. ते कोणत्या सुरात ठेवलं, याची चौकशी सरांनी कधी केली नाही. कौतुकाच्याच सुरात असणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो" हे वाक्य ते दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत, आणि त्यातला माणूस कोण हे समोरच्या बाकांकडे बोट दाखवून सांगत. त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून शेवटची मोजणी कधी केली होती, हे त्यांनाही आठवत नसे. पण त्या मोजणीत चूक नव्हती, हे पक्कं आठवत असे.

मेहुणे म्हणजे सरांच्या पत्नीचे सख्खे थोरले भाऊ, निवृत्त पोस्टमास्तर. दोघांनी हौसेनं शेजारी-शेजारी प्लॉट घेतले होते, दोन्ही पंधरा-पंधरा मीटर रुंदीचे. मध्ये कमरेएवढी भिंत आणि भिंतीत एक छोटं फाटक. त्या फाटकातून मेहुणे रोज सकाळी पेपर घेऊन बहिणीकडे चहाला येत. मोजणीच्या दिवशी सरांनी त्या फाटकाला खिळे ठोकले.

"अहो, वीतभर जागेसाठी माझ्या भावाला दार बंद?" सरांची पत्नी म्हणाली होती. ती शिवणाचा क्लास चालवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. घरात सर आणि बाई असे दोन शिक्षक होते. फक्त शिकायला कोणी तयार नव्हतं.

"प्रश्न जागेचा नाही, तत्त्वाचा आहे," सर म्हणाले. तत्त्वाची रुंदीही वीस सेंटिमीटरच होती.

मेहुणेही काही कमी नव्हते. ते भिंतीपलीकडून ओरडले, "भावोजी, तुम्ही मोजणार आणि तुम्हीच निकाल देणार? जगातल्या दुसऱ्या कुठल्याही मोजणीवाल्याला हो म्हणायला लावा. त्याच दिवशी भिंत पाडतो!"

आता जगातले दुसरे मोजणीवाले आणायचे कुठून? ते सगळे मोबाइलमध्ये राहतात, हे सरांना एका विद्यार्थ्याकडून कळलं. 'हद्द' नावाचा एक ऑनलाइन मंच होता. हजारो मोजणीवाले तिथं एकमेकांना यंत्रांचे फोटो दाखवत आणि एकमेकांची अक्कल काढत. सरांना तो मंच पाहताक्षणी घरच्यासारखा वाटला. त्यांनी नाव नोंदवलं. नियम एकच होता: नव्या सदस्यानं उपकरण हातात घेऊन कामाच्या जागी काढलेला फोटो टाकायचा.

रविवारी सकाळी सर इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीपाशी उभे राहिले. एका हातात घरचा लांब कापडी टेप, आणि चेहऱ्यावर भूमापनाच्या साऱ्या परंपरेचा भार. बाईंनी फोटो काढला.

"हसा की जरा."

"मोजणी हसत करत नाहीत."

फोटोखाली सरांनी आपली तीस वर्षांची सेवा, दोन पदव्या आणि मेहुण्यांचा गुन्हा असं सगळं सविस्तर लिहिलं, आणि शेवटी नम्रपणे विचारलं, 'अतिक्रमण सिद्ध आहे, यावर जाणकारांनी शिक्कामोर्तब करावं.' मत मागण्याचा त्यांना अनुभव नव्हता, म्हणून त्यांनी थेट शिक्काच मागितला.

पहिल्या दहा मिनिटांत स्वागताचा पाऊस पडला. कोणी अंगठे दाखवले, कोणी हात जोडले. सरांना भरून आलं. इतकी वर्षं आपण चुकीच्या लोकांत राहिलो, असंही त्यांना वाटून गेलं. मग 'ओळंबा' असं टोपणनाव घेतलेले एक गृहस्थ अवतरले. ते मंच सांभाळायचे.

'सर, तुमचा स्वतःचा प्लॉट किती भरला?'

'चौदा मीटर ऐंशी,' सरांनी ठणकावून लिहिलं.

'मोजलात?'

'मोजायची गरज काय? एकूण तीस. त्यांच्याकडे पंधरा वीस. राहिले चौदा ऐंशी. वजाबाकी.'

यावर मंचावर जी शांतता पसरली ती सरांनी आदराची मानली. तेवढ्यात 'लंगडी तिपाई' नावाच्या एका सदस्येनं लिहिलं, 'शेजाऱ्याची जमीन टेपनं मोजायची आणि आपली वजाबाकीनं, ही पद्धत कोणत्या पुस्तकात आहे, सर? आम्हालाही वाचायची आहे.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वर्गात असं कोणी बोललं असतं तर सरांनी त्याला बाहेर उभं केलं असतं, पण इथं बाहेर नेमकं कोण उभं होतं, याचा त्यांना अंदाज येईना. "आत्ता दाखवतो एकेकाला!" असं म्हणत ते टेप घेऊन अंगणात गेले. टेपाची कडी पलीकडच्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली, टेप ताणत मधल्या भिंतीपर्यंत आणला आणि आकडा वाचला.

पंधरा वीस.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आकडा जागचा हलला नाही. मेहुण्यांकडे वीतभर जास्त होती, आणि सरांकडेही वीतभर जास्तच होती. दोन्ही प्लॉट मिळून जमीन वाढली होती. घेताना जी तीस मीटर होती ती आता बसल्या जागी तीस मीटर चाळीस झाली होती.

खोटं बोलणं सरांच्या स्वभावात नव्हतं. फक्त चूक कबूल करायची वेळ आजवर इतरांवरच यायची. त्यांनी आकडा जसाच्या तसा मंचावर टाकला.

'अभिनंदन,' 'बांधकोऱ्या' नावाच्या सदस्यानं लिहिलं. 'आमच्याकडे जमिनी कमी होतात, तुमच्याकडे वाढतात. बी कुठून आणलंत?'

मग ओळंब्यांनी सकाळचाच फोटो मोठा करून परत टाकला. त्यात सरांचा चेहरा नव्हता, परंपरेचा भारही नव्हता. होती फक्त टेपाच्या टोकाची पितळी कडी, आणि तिच्याभोवती लाल वर्तुळ. 'सर, कडीशेजारचा आकडा वाचता का? आम्हाला वीस दिसतोय. शून्य कुठं गेलं?'

सरांनी टेप डोळ्यांजवळ नेला. कडीला लागूनच वीस लिहिलेलं होतं. शून्यापासून वीसपर्यंतचा तुकडाच गायब होता, आणि कडी तिथं इतक्या नाजूक टाक्यांनी शिवलेली होती की हे कारखान्याचं काम नव्हे, हे कोणीही सांगितलं असतं.

"अगं, या टेपाला कोणी हात लावला?"

बाई डाळ निवडत होत्या. "टोक पार विसकटलं होतं त्याचं. कापून कडी शिवून दिली मी. दुहेरी टाका घातलाय, आता जन्मात उसवायचा नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! तुम्ही पेपर तपासत होतात. 'हं' म्हणालात."

"तू सुरुवातच कापलीस, बाई!"

"मग काय झालं? पुढचा सगळा टेप आहे की शाबूत."

सर मटकन खुर्चीत बसले. दर परीक्षेत ते हाच प्रश्न विचारत: मोजण्यापूर्वी टेपाचं शून्य तपासावं, कारण लिहा. न लिहिणाऱ्याला ते नापास करत. आता जाऊन मेहुण्यांना काय सांगायचं? सांगायलाच हवं का? मंचावरचे लोक तर कोण कुठले. मोबाइल बंद केला की सगळे नाहीसे. मेहुण्यांना काय कळणार आहे? सरांनी खरोखरच मोबाइल बंद केला.

बाई डाळीतून मान वर न करता म्हणाल्या, "दादाला पेपरमधलं कोडं एकट्याला सुटत नाही. काल खिडकीतून विचारत होता मला, आडवे पाच काय म्हणून. खिडकीतून, चोरासारखं. मला रडू आलं हो."

तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. मग आणखी एक.

दोघंही धावत अंगणात आले. पलीकडे एक गवंडी घण घेऊन उभा होता आणि मधल्या भिंतीचा निम्मा भाग खाली आला होता. मेहुणे धुळीत उभे होते, पांढऱ्या भुवया घेऊन.

"भावोजी," ते पडक्या भिंतीवरून म्हणाले, "हरलो मी. तुमचंच खरं होतं. काल तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा हिच्याकडून टेप मागून नेला आणि मी स्वतः मोजलं. पंधरा वीस! मला खरंच ठाऊक नव्हतं हो. उगाच वाट्टेल ते बोललो तुम्हाला. भिंत वीतभर मागे घेतो, पण ते फाटक तेवढं उघडा."

सरांना आयुष्यात इतका संपूर्ण विजय कधी मिळाला नव्हता, आणि तो असा जड जाईल असंही वाटलं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. ते त्यांना जमलं नाही.

"दादा, थांबवा ते. चूक माझी आहे."

गवंड्याचा घण वरच राहिला. बाईंनी पदराला हात पुसले आणि ऐकण्यात काही गफलत झाली का, अशा नजरेनं भावाकडे पाहिलं.

"माझं मन राखू नका, भावोजी," मेहुणे म्हणाले. "तुमची कशी चूक होईल? तुम्ही चुकत नाही."

"मी चुकलोय!"

"शक्यच नाही. मी स्वतः मोजलंय."

"तुम्हीही चुकलाय! अहो, मी छातीठोकपणे सांगतो, मी शंभर टक्के चुकलोय!" सर तावातावानं ओरडले. बरोबर असल्याचं सांगताना ते जेवढे ओरडत, त्याहून हे चार बोटं जास्तच होतं. शेवटी त्यांनी टेपाची कडी मेहुण्यांच्या नाकासमोर धरली. मेहुण्यांनी चष्मा काढला, घातला, कडी पाहिली, टाके पाहिले आणि बहिणीकडे पाहिलं.

"तुझेच टाके," ते म्हणाले.

"दुहेरी आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी माझी चांगली भिंत उगाच पाडली?"

"उगाच," सरांनी कबूल केलं. दिवसातली ही दुसरी कबुली. पहिलीपेक्षा सोपी गेली.

गवंडी इतका वेळ तिघांकडे आळीपाळीनं बघत होता. "ते सगळं ठीक आहे, पण भिंत बांधू कुठं? इथं का तिथं?"

सर मेहुण्यांकडे बघू लागले आणि मेहुणे सरांकडे. कोणी काही ठरवायच्या आत बाई म्हणाल्या, "कुठंच नको. राहिलेलीही पाडा. मी चहा टाकते."

संध्याकाळपर्यंत सगळं साफ झालं. खिळे ठोकलेलं फाटक तेवढं मधोमध उभं होतं, आजूबाजूला काहीही नसताना. सर आणि मेहुणे त्याच्याशेजारी खुर्च्या टाकून पेपरातलं कोडं सोडवत बसले. बाईंनी दोघांचा फोटो काढला. सरांनी मोबाइल सुरू केला आणि फोटो मंचावर टाकून खाली दोनच ओळी लिहिल्या: 'शून्य सापडलं. चूक माझी होती.'

मग ओळंब्यांनी लिहिलं, 'शाबास, सर. फक्त एक सांगतो. फोटोवरून बघता मेहुण्यांची खुर्ची तुमच्या हद्दीत साधारण वीतभर आत आलेली दिसते.'

सरांनी वाकून पाहिलं. खरंच आली होती.

"काय म्हणतायत?" मेहुण्यांनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले आणि आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. "आडवे पाच सांगा."