घोषणा कळू लागल्याबाबत

माणसाच्या गळ्यातून आवाज निघतो, हे शरीरशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे. तो समोरच्याला कळावा की नाही, हा मात्र प्रशासनाचा प्रश्न आहे, आणि मध्यवर्ती बसस्थानकाने तो सव्वीस वर्षे अत्यंत समाधानकारकरीत्या सोडवून ठेवला होता.

सोडवणाऱ्या बाई स्थानकाच्या घोषणाकक्षात बसत. सगळे त्यांना घोषणाबाईच म्हणत. कक्षात एक टेबल, एक माइक, एक पंखा (फिरणारा, पण मनापासून नाही) आणि बसगाड्यांच्या फक्त पाठी दिसतील अशी एक खिडकी होती. बाई हनुवटी छातीला लावून, माइकवर वाकून, समोरचा कागद एका दमात वाचून काढत. बाहेर फलाटावर त्याचे "फ्फर्र क्रमांक घ्घॉर्रवरून खॉर्रकडे जाणारी ग्रर्र" होई. प्रवासी एकमेकांची तोंडे पाहत. कोणी म्हणे गाडी लागली, कोणी म्हणे अजून यायचीय. वाद होत, ओळखी होत, वेळ बरा जाई.

स्थानकाच्या गाड्या सरासरी एक तास दहा मिनिटे उशिरा सुटत. तरी सव्वीस वर्षांत एकूण अकराच तक्रारी आल्या, आणि त्यांतल्याही नऊ बाकाच्या वर आलेल्या खिळ्याबद्दल होत्या. (खिळ्याची चौकशी चालू आहे.) या कामगिरीबद्दल बाईंना 'सुस्पष्ट निवेदन' हे प्रशस्तिपत्र तीनदा देण्यात आले.

असे सगळे सुरळीत चालले असताना त्यांच्या चार वर्षांच्या नातीने घोळ घातला. एका सकाळी तिने बेसिनपाशी तोंड वर करून घशात पाणी खुळखुळवले, चांगले मिनिटभर खुळखुळवले, मग थुंकून म्हणाली, "मी आजी-आजी खेळतेय."

घरातले सगळे हसले. बाईही हसल्या. पण नंतर भाजी निवडता निवडता त्यांचा हात थांबला. सव्वीस वर्षे आपण रोज आठ तास बोललो, आणि त्यातले एक वाक्यही कोणाच्या कानात शिरले नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले.

त्याच आठवड्यात त्या लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीतल्या गाण्याच्या वर्गाला गेल्या. पाटीवर 'वय वर्षे सहा ते पुढे' असे लिहिले होते.

"चोपन्न चालेल का?" त्यांनी विचारले.

"चोपन्न काय?" मास्तरांनी कानामागे हात धरला.

बाईंनी हनुवटी वर करून पुन्हा सांगितले.

"वयाचा गळ्याशी काही संबंध नसतो, बाई," मास्तर म्हणाले. "शेजाऱ्यांशी असतो. तुमचे कसे आहेत?"

"एका बाजूचे बहिरे आहेत."

"मग काळजीच मिटली. दुसऱ्या बाजूला पाठ करून बसा."

पहिला महिना नुसता श्वास घेण्यात गेला. बाई चोपन्न वर्षे चुकीचा श्वास घेत होत्या आणि तरीही जिवंत होत्या, याचे मास्तरांना फार आश्चर्य वाटले. जमिनीवर उताणे पडायचे, पोटावर जाडसे पुस्तक ठेवायचे आणि श्वासाने ते वर उचलायचे, असा पाठ होता. बाईंनी घरी परिवहन विभागाची नियमावली वापरली. (ती कोणीतरी वर उचलल्याची ही पहिलीच नोंद.) दुसऱ्या महिन्यात ओठ फुरफुरवणे, जबडा सैल सोडणे आणि 'आ' लावणे झाले. फुरफुरण्यात बाई वर्गात पहिल्या आल्या. सव्वीस वर्षे इंजिने ऐकल्याचा फायदा झाला. 'आ' मात्र निघेना. निघे तो दाताच्या डॉक्टरसमोरचा.

बाईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करत. टिकटिक ऐकून पोट भरणारा माणूस. ते म्हणाले, "अगं, तू आ लावलास की माझी घड्याळं पुढे पळतात."

"मग ती विभागाला द्या," बाई म्हणाल्या, आणि आपण उलट उत्तर दिले याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

कारण गाण्यात आवाजाच्या आधी आत्मविश्वास येतो. सातव्या आठवड्यात बाईंनी दुकानदाराला सडका टोमॅटो परत दिला. आठव्यात नणंदेला "यंदा सुट्टीत आम्हीच तुमच्याकडे येतो" असे कळवले. अकराव्या आठवड्यात तो 'आ' आला. खालून, पोटातून, कुठेही न अडता आला आणि खोलीभर उभा राहिला. खाली लॉन्ड्रीतली इस्त्री थांबली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. (चष्मा स्वच्छ होता.)

पुढच्या सोमवारी सकाळी बाई घोषणाकक्षात पाठ ताठ ठेवून बसल्या, पोटात श्वास भरला आणि बटण दाबले.

"फलाट क्रमांक चार. नऊ दहाची गाडी एक तास चाळीस मिनिटे उशिरा सुटेल."

स्थानक गप्प झाले. एका गृहस्थांनी कोणीतरी मोठे माणूस गेले असावे असे समजून टोपी काढली. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आले की आपल्याला कळले आहे, आणि चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागली. पहिल्याच दिवशी दोनशे चौदा तक्रारी आल्या. गुरुवारी तक्रारवही संपली. नवी वही मिळण्याच्या अर्जाला जुनी वही का संपली याचा खुलासा जोडावा लागतो, त्यामुळे उरलेल्या तक्रारी खिडकीच्या काचेवर लिहिल्या गेल्या.

स्थानकप्रमुखांनी बाईंना बोलावले.

"बाई, हे काय चालवलंय तुम्ही?"

"घोषणा, साहेब."

"अहो, पण त्या कळतात!"

"हो साहेब."

"लोकांना कळतात, बाई!" प्रमुखांनी कपाळावर हात मारला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तीन प्रशस्तिपत्रं दिली आपण तुम्हाला."

त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. माइकवर उशी बांधून पाहिली. आवाज उशीसकट बाहेर आला. बाईंना 'उलट प्रशिक्षण' देण्याबाबत मास्तरांना पत्र गेले. 'उघडलेला गळा मिटवण्याची सोय आमच्याकडे नाही,' असे त्यांनी पोस्टकार्डावर कळवले. समितीच्या कनिष्ठ सदस्याने गाड्या वेळेवर सोडून पाहाव्यात असे सुचवले. सूचना मूळ विषयाशी असंबद्ध ठरवून सदस्याला विश्रांती देण्यात आली. अखेर ज्ञापन निघाले: निवेदिकेने तीन दिवसांत पूर्ववत बोलावे, अन्यथा त्यांची बदली हरवलेल्या वस्तूंच्या भांडारात करण्यात येईल, जेथे बोलण्याची गरज नसते.

बाईंनी ज्ञापन घरी नेले. यजमानांनी ते भिंगातून वाचले.

"घे ना तोंडात थोडं पाणी," ते म्हणाले. "निवृत्तीला चार वर्षं तर उरलीत."

"अहो, मला येत नाही आता तसं," बाई म्हणाल्या. "खरंच येत नाही. करून पाहिलं मी." आणि त्यांचा आवाज किंचित कापला. पण सुरातच कापला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पोटात श्वास भरला आणि बटण दाबले.

"प्रवाशांना सूचना. आजपासून घोषणा कळणार नाहीत. कळल्याने तक्रारी वाढतात, असे विभागाचे मत आहे." आणि मग त्यांनी जावक क्रमांकापासून सहीपर्यंत अख्खे ज्ञापन वाचून दाखवले. स्वल्पविरामावर श्वास, पूर्णविरामावर विसावा. स्थानकाने टाळ्या वाजवल्या. चालक खाली उतरून वाजवत होते, त्यामुळे तीन गाड्यांना आणखी उशीर झाला. तोही बाईंनी लगेच जाहीर केला.

बाईंना वाटले, आता सहाशे प्रवासी आपल्या पाठीशी आहेत. तसे ते होतेही, संध्याकाळपर्यंत. शनिवारी प्रवाशांचा एक अर्ज प्रमुखांच्या टेबलावर येऊन पडला. त्यात म्हटले होते की पूर्वी गाडी कोणत्याही क्षणी येईल असे वाटून तास कसा जाई ते समजत नसे. आता एक तास चाळीस मिनिटे म्हणजे एक तास चाळीस मिनिटेच बसावे लागते. शिवाय कामावर उशिरा पोचल्यावर 'घोषणा कळलीच नाही' असे सांगण्याची सोय गेली. तरी पूर्वीची घोषणापद्धती कृपया चालू करावी. खाली पाचशे नव्वद सह्या होत्या.

लोकेच्छेचा मान राखून बाईंची बदली झाली. भांडारात त्यांनी दार उघडले, मांडणीकडे पाहिले आणि माइकशिवाय म्हटले, "निळी छत्री, मूठ तुटलेली! उजव्या पायाचा बूट, नऊ नंबर!" सहाव्या फलाटापर्यंत ऐकू गेले. एकोणीस वर्षे भरलेले भांडार दीड महिन्यात रिकामे झाले. आता काम नसल्याने त्या दुपारी दार लावून गातात, आणि मास्तर म्हणतात की वरच्या पट्टीत अजून बरीच जागा आहे.

घोषणाकक्षात नवीन गृहस्थ आले आहेत. त्यांना खोकलाही आहे. काल ते काहीतरी म्हणाले, आणि वाचकहो, फलाटावर आपण शेजारच्याला विचारलेत, "काय म्हणाले हो?" तेव्हा बाईंना तिथून का हलवले, असे आपण फार तावातावाने बोललात. अर्जावर एकशे बाराव्या क्रमांकाला आपलीच सही आहे. अक्षर लागत नाही, पण ओळखू येते.