आम्ही नेलेली नदी

यंदा पहिलं बक्षीस आमचंच! हे मी मेळाव्याच्या आठवडाभर आधीच ऑफिसात, जिन्यात आणि दाढी करणाऱ्याच्या खुर्चीत बसूनही जाहीर करून टाकलं होतं. कारण माझ्याकडे नदी होती!

मी टेबलावरची युद्धं लढतो. बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचे, फूटपट्टीने मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून एकमेकांचा खातमा करायचा. बायको याला थोराड पोरांची भातुकली म्हणते. म्हणू दे! वर्षातून एकदा आमच्यासारख्या वेड्यांचा मोठा मेळावा भरतो आणि तिथे सगळ्यांत देखण्या रणांगणाला बक्षीस असतं.

तर नदी. दोन बाटल्यांतले द्रव एकत्र ढवळून ओतले, की ते गोठून काचेसारखं पाणी तयार होतं. मी फळीवर कोरलेल्या पात्रात ते ओतत होतो, तेवढ्यात मेव्हण्याने बाटली उचलून वाचली.

"दाजी, दोन्ही समसमान घ्या म्हणतायत."

"अरे, हात बसलेल्या माणसाला माप लागत नाही!"

सकाळी बोट लावून पाहिलं. टणक! नदी चादरीत गुंडाळली आणि निघालो. मी, मेव्हणा आणि आमच्या फौजेचे तिसरे सरदार, दातांचे डॉक्टर.

सभागृहात पाऊल टाकलं आणि अंगावर काटाच आला! जिकडे बघावं तिकडे किल्ले, रणगाडे, जळकी गावं! पत्र्यावर गारा पडाव्यात तसे फासे खडखडत होते. एक टक्कल पडलेले गृहस्थ आनंदाने उड्या मारत होते. त्यांनी म्हणे नुकतीच एक टेकडी घेतली होती.

आम्ही नदी उघडली. गर्दी जमली! "अहो, वाहतेय की काय!" कुणीतरी ओरडलं. माझी छाती इतकी फुगली, की शर्टाचं बटण कुरकुरलं. वरच्या प्रखर दिव्यांखाली नदी क्षणाक्षणाला जास्तच चकाकत होती. ती वितळून चिकट होतेय, हे कुणाच्या ध्यानात येणार!

समोर लढायला पोस्टमास्तर होते. घोड्याच्या शेपटीचा केसन् केस वेगळा रंगवणारा माणूस! त्यांनी काठावर घोडदळ थांबवलं.

"पाणी उथळ आहे ना?"

"घोट्याएवढं! बिनधास्त उतरा!"

अख्खं घोडदळ पाण्यात उतरलं. माझी खेळी झाली. मग पोस्टमास्तरांनी सेनापती उचलायला हात घातला. सेनापती हलेना. त्यांनी जोर लावला. टक्! सेनापती हातात आला, पण कमरेपर्यंतच.

"माझा सेनापती!"

"दलदल आहे," मी घाईघाईने म्हणालो. "नदीत घोडे रुततातच. इतिहास वाचा!"

"इतिहासात स्वार असे मधोमध मोडत नाहीत! बाईंना बोलवा!"

बाई म्हणजे मुख्य परीक्षक. निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आल्या तसं आजूबाजूच्या टेबलांवरचे सेनापतीही पाठ ताठ करून उभे राहिले.

"काय गोंधळ आहे?" म्हणत बाई वाकल्या आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी कोपर टेकलं. नदीत!

"बाई, हात..." मी पुटपुटलो.

"मला कळतंय!" बाई म्हणाल्या. त्यांना फक्त उठता येत नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच खिशातून बारीक चिमटा काढला. "काळजी करू नका, दुखणार नाही. तोंड उघडा!"

"कशाला?"

"सवय हो!" डॉक्टर ओशाळले. त्यांनी बाहीचा एक दोरा सोडवला, तोवर त्यांचीच करंगळी अडकली. त्यांना ओढायला पोस्टमास्तर धावले आणि त्यांचा टाय नदीत पडला. तिघं जण डोक्याला डोकं लावून वाकलेले! बघणाऱ्यांना वाटलं, मोठी खलबतं चालली आहेत.

एवढ्यात मेव्हणा कँटीनमधून तेलाचा डबा घेऊन आला. मी नको म्हणेपर्यंत त्याने तो ओतलासुद्धा! पोस्टमास्तर सुटले. डॉक्टर सुटले. बाईंनी दात-ओठ खाऊन हिसका दिला, तशी अख्खी नदीच फळीवरून सुटली! पूल, झाडं, बुडालेलं घोडदळ, सगळं घेऊन ती बाईंच्या कोपराला लोंबकळू लागली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! लोकांना तो महापुराचा देखावा वाटला. फोटो काढायला झुंबड उडाली.

"दाजी, जिंकलो आपण!" मेव्हणा कानात कुजबुजला. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. बाई व्यासपीठावर आल्या. नदी कापून काढली होती, पण कोपराच्या मागे एक घोडा अजून चिकटलेला होता आणि त्यांना ते सांगायची कुणाची छाती नव्हती. मी तर टाळ्या घ्यायला अर्धा उठलोही होतो!

बक्षीस मिळालं आमच्या शेजारच्या टेबलाला. तिथे काय होतं? पिवळी चादर, मूठभर वाळू आणि तीन दगड. त्याला म्हणे वाळवंट म्हणायचं!

मला राहवेना. समारंभ संपल्यावर बाईंना गाठलं.

"बाई, रागावू नका, पण त्या वाळवंटात एवढं काय होतं?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाळलेलं होतं!"