बाकावरच्या अतुलचा सौदा

१९८८ सालच्या एका शनिवारी सकाळी लंडनच्या हॅरो भागातल्या डॉ. शशिधर कर्णिकांच्या फ्रंट रूममध्ये बॅरी नावाचा अगडबंब माणूस चिवडा खात बसला होता. बॅरी स्टॅनमोरच्या हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच. या खेळात चेंडू फेकणारा मुख्य गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, एका वेळी एकच खेळतो; राखीव असतो तो बाकावर बसतो. हॅरोच्या संघात तो बसणारा म्हणजे डॉक्टरांचा अतुल. दोन सीझन झाले, बिचाऱ्याच्या जर्सीला चिखल म्हणून लागला नव्हता. बॅरी त्याच्या बदल्यात आपला एक धिप्पाड गडी द्यायला तयार होता आणि हॅरोवाल्यांनीही होकार दिला होता. स्टॅनमोरला गेला की अतुल पहिल्या मॅचपासून खेळणार होता. पोरगं जिन्यात कान लावून बसलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही त्याला रोज पाहता. कसा आहे मुलगा?" बॅरीने विचारलं.

झालं. पाहुण्यासमोर आपल्या पोराचं कौतुक करायचं नाही, हे डॉक्टरांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते संकोचून हसले.

"छे हो, कसलं काय. आळशी आहे. चार हाका मारल्याशिवाय उठत नाही."

चहा घेऊन आलेल्या अतुलच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, भर घातली की विसराळूही आहे, परवाच बूट ट्रेनमध्ये विसरून आला. बॅरीने सगळं वहीत टिपून घेतलं, आभार मानले आणि गेला. संध्याकाळी त्याचा नकाराचा फोन आला.

अतुल जेवला नाही. "बाबा, मी एवढा बॅड आहे?" एवढंच म्हणाला.

डॉक्टर उठून फोनपाशी गेले. अहो, आपण असं म्हटलं की समोरच्याने 'नाही हो, गुणी आहे' म्हणायचं असतं, हे त्या बॅरीला कोण सांगणार? त्यांनी घसा खाकरून फोन लावला. पोरगा पावसात एकटा सराव करतो, चाळीस यार्ड सरळ फेकतो, कुणी पडला की पाणी घेऊन आधी धावतो; असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं दहा मिनिटं बोलले.

पलीकडे बॅरी हसला. "आता तुम्ही बाप म्हणून बोलताय, डॉक्टर. सकाळचंच खरं. पोटच्या पोराबद्दल कुणी उगाच वाईट बोलतं का?"

सौदा फिसकटला तो फिसकटलाच. फोन ठेवून वळले, तर मागे अतुल उभा. त्याने सगळं ऐकलं होतं. तो स्वयंपाकघरात गेला आणि ताट वाढून घेतलं.

रविवारी तो पुन्हा बाकावर होता. डॉक्टर शेजारच्या अनोळखी बाईंना बोट करून दाखवत होते.

"तो बसलाय ना, तो माझा मुलगा. फार गुणी आहे."

"मग खेळत का नाही?"

"माझ्यामुळे," डॉक्टर म्हणाले.