सव्वातीन – चालू

नवऱ्याच्या बुटांना चिखल नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

सकाळपासून भुरभुर पाऊस होता. नुसता समोरच्या दुकानात जाऊन आलेला माणूससुद्धा पायपुसणं खराब करत होता. आणि हा गृहस्थ तळ्याला पुरी फेरी मारून आलो म्हणत दारात उभा, तर पायांतले बूट नुकतेच खोक्यातून काढल्यासारखे.

"कसं होतं बाहेर?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मस्त. तळ्यावर सात बदकं होती. त्यातलं एक लंगडत होतं, डाव्या पायानं. आणि बाकावर कुणीतरी छत्री विसरून गेलंय. निळी, लाकडी मुठीची."

ती "बरं" म्हणाली आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पण एक अक्षर वाचलं असेल तर शपथ. ती विमा कंपनीत दावे तपासायची, गेली अठरा वर्षं. ऑफिसात तिला पाठीमागे 'भिंग' म्हणत. घरून काम सुरू झाल्यापासून पाठीमागे असं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे आता समोरही म्हणत. अठरा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. खरं बोलणारा माणूस "मांजरानं टीव्ही पाडला" एवढंच म्हणतो. खोटं बोलणारा मांजराचा रंग सांगतो. इथे तर बदकाचा पाय होता, आणि तोही डावा.

नवरा पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचा. तो बेडरूममध्ये वेलांट्या दुरुस्त करायचा, ही जेवणाच्या टेबलावर लोकांचे दावे नामंजूर करायची, आणि मधल्या दारातून चहाची देवाणघेवाण चाले. बाकीचं वर्ष हे झकास जमायचं. पण दिवस लहान झाले, साडेचारलाच दिवे लावायची पाळी आली, की घराचं बीळ व्हायचं. मागच्या हिवाळ्यात तर फ्रिजची घरघर हाच घरातला सगळ्यात बोलका आवाज होता. नवरा दोन महिने हसला नव्हता. जेवत होता, काम करत होता, झोपत होता, पण हसत नव्हता. तिला त्या दिवसांची फार भीती बसली होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, पण या वर्षी अंधार सुरू व्हायच्या आधीच त्याला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं. रक्त घेतलं. म्हणाल्या, "रोज अर्धा तास, उजेड आहे तोवर, बाहेर चालायचं. दोघांनीही. महिन्यानं या. सुधारलं नाही तर मात्र गोळ्या."

"यांना नीट बजावून सांगा," ती म्हणाली. "मला कुठला वेळ? मी खुर्चीतून उठले की दाव्यांचा ढीग वाढतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिनं त्या पाहण्याची नोंद घेतली नाही, आणि अठरा वर्षांच्या नोकरीत असं क्वचितच झालं असेल.

आणि आता हे कोरडे बूट. दुसरी बाई वगैरे तिच्या मनातही आलं नाही. ज्याला एका बाईचा वाढदिवस लक्षात राहत नाही, तो दोन कुठून सांभाळणार? तिची धास्ती वेगळीच होती. हा चालायला जातच नसेल. जिन्याखाली, नाहीतर कुठल्या तरी कोपऱ्यात अर्धा तास एकटाच बसून येत असेल, मागच्या वर्षी खोलीत बसायचा तसा.

तो अंघोळीला गेल्यावर तिनं त्याची टेबलावरची डायरी उघडली. रोजच्या पानावर, त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, एकच ओळ होती. '३.१५ – चालू.'

तिच्या कामात फाइल एकतर बंद असते, नाहीतर चालू. चालू म्हणजे ज्यात अजून काहीतरी निघायचं आहे ती. आणि माणूस चालू असला म्हणजे काय, हे तर शाळकरी पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच तळ्यावर गेली आणि बदकं मोजली. अकरा. लंगडं एकही नाही. छत्री नाही. त्यातलं एक बदक तिरकं चालत होतं म्हणून ती त्याच्या मागे अर्ध्या तळ्यापर्यंत गेली, पण ते फक्त रागावलेलं होतं. ती स्वतः किती आठवड्यांनी फाटकाबाहेर पडली, याची नोंद मात्र कुठेच झाली नाही.

"आज नऊ होती बदकं," संध्याकाळी नवरा म्हणाला.

"अकरा" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, तो तिनं चहाबरोबर गिळला. पुरावा हातात आल्याशिवाय समोरच्याला सावध करायचं नाही, हा तिचा शिरस्ता होता.

मग पाठलाग आला. तिचा तपकिरी कोट खिसा उसवला म्हणून खाली राहणाऱ्या शिंपीकाकांकडे पडला होता. तो तिनं आणवून घेतला, उलटसुलट न बघता घाईत अंगावर चढवला, आणि सव्वातीनला नवऱ्याच्या मागे शंभर पावलं सोडून निघाली. आणि चमत्कार असा की नवरा खरंच चालत होता. लाकडाच्या वखारीवरून, टेकडीच्या पायऱ्या चढून, पलीकडून उतरून, तळ्याला फेरी मारून, चिखलातून फचक फचक करत. घरी आल्यावर बूट पुन्हा कोरडे.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती स्वतःशीच म्हणाली. बुटांत तर नक्कीच मुरत नव्हतं.

पहिल्या दिवशी टेकडीच्या निम्म्या पायऱ्यांवर तिचा जीव अर्धा झाला. आठवड्यानं ती न थांबता वर जाऊ लागली. नवरा मधेच किल्लीवाल्याच्या दुकानापुढे थांबून काचेत बघायचा, बुटाची नाडी बांधायचा, तेवढ्यात ती टपालपेटीच्या, झाडाच्या, एकदा तर एका जाड्या अनोळखी गृहस्थाच्या आड व्हायची. मधल्या वेळात भूक लागू लागली. झोप गाढ लागू लागली. हे सगळं ती कामाच्या ताणावर ढकलत होती.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. ती तळ्याकाठच्या झुडपामागे उकिडवी बसलेली असताना फोन वाजला. साडेतीनची मीटिंग तिच्या डोक्यातून साफ गेली होती. तिनं घाईनं बोट लावलं आणि नको ते झालं, कॅमेराही चालू झाला.

"भिंग, तुमच्या मागे ते काय आहे?" ऑफिसातल्या मॅडमनी विचारलं.

"पडदा," ती म्हणाली. "नवीन घेतला. पानांच्या नक्षीचा. खालच्या बाजूला जरा फिकट हिरवा आहे, कापड जाड आहे, दोन पाण्यांत विटणार नाही असं दुकानदार म्हणाला."

पडद्यामागून बदक ओरडलं.

"आणि हे?"

"शेजाऱ्यांचं बाळ. सात महिन्यांचं आहे. दात येतायत त्याला, खालचे."

मग मॅडम म्हणाल्या, "तपशील फार देताय हो आज."

दचकून ती एक पाऊल मागे सरकली, आणि तळ्याच्या काठचा चिखल घोट्यापर्यंत तिच्या बुटात शिरला.

फचफचत घरी आली तर शिंपीकाका जिन्यातच भेटले. "वहिनी, पट्टी कशी वाटली?"

"कसली पट्टी?"

"पाठीवर. अहो, खिसा शिवता शिवता म्हटलं, वहिनी कोट मागतायत म्हणजे आता फिरायला जाणार. अंधार तर लवकर पडतो. गाडीवाल्याला दिसायला नको? म्हणून चमकणारी पट्टी लावून दिली. काय दिसता तुम्ही. काल मी टेकडीवर होतो, तळ्याच्या पलीकडे झुडपामागे नुसत्या लखलख करत होता."

तिनं कोट काढून पाहिला. पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वीतभर रुंद चंदेरी पट्टा होता. म्हणजे गेले तीन आठवडे आड व्हायला ती पाठ वळवायची, तेव्हा नवऱ्याला किल्लीवाल्याच्या काचेत दिवाळं निघालेल्या दुकानाच्या 'सेल'च्या पाटीपेक्षा ठळक दिसत होती. आणि तो एक चकार शब्द बोलला नव्हता.

बूट पुसायला काहीतरी हवं म्हणून तिनं जिन्यातल्या मीटरच्या पेटीमागे हात घातला. हाताला फडकं लागलं. नवऱ्याच्या जुन्या हिरव्या शर्टाचं, चिखलानं कडक झालेलं. ती तिथेच पायरीवर बसली.

अठरा वर्षांत तिनं खोटे पुरावे तयार करणारी माणसं ढिगानं पाहिली होती. खरा पुरावा रोज नेमानं पुसून टाकणारा माणूस पहिलाच. आपल्यावर संशय यावा असं कुणाला वाटेल? ज्याला संशय घेणारीला घराबाहेर काढायचं आहे त्यालाच.

तिला राग आला. मग राग कुठे गेला ते कळलं नाही, आणि डोळे भरून आले. मग ती उठली, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दहा मिनिटांत परत आली. काय आणलं ते नवऱ्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि तिला म्हणाल्या, "तुमचं रक्त, वजन, सगळं छान आहे. गोळ्यांची गरज नाही." नवऱ्यानं एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले.

"माझं?" ती म्हणाली. "आपण यांच्यासाठी आलोय ना?"

बाहेर आल्यावर नवऱ्यानं सगळं कबूल केलं. बदकं त्यानं कधी मोजलीच नव्हती. "सांगून तू बाहेर पडली नसतीस गं. संशय आला की तू कुठेही जातेस. मागच्या वर्षी दोन महिने तू हसली नव्हतीस. मला फार भीती वाटली होती."

"मी? तुम्ही हसला नव्हता."

"मी कुणाबरोबर हसणार होतो?"

रस्ता ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "आणि डायरीतलं ते 'चालू'?"

"आपण चालू. आपण, दोघं. मी एकटा असतो तर 'चालेन' लिहिलं असतं. माझ्याकडून वचनाची चूक होईल का?"

घरी येऊन त्यानं कोट खुंटीला टांगला आणि खुर्चीत अंग टाकलं. "चला, सुटलो बुवा. गणिताची चार पुस्तकं आलीत. आता उन्हाळ्यापर्यंत मी खोलीबाहेर नाही."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. चार वाजले नव्हते तरी उजेड विटला होता. असे अजून दोन महिने जायचे होते.

"अहो, एवढं सगळं सांगितलंत, तर त्या लाल हातमोज्याचंही सांगून टाका."

"कुठल्या?"

"तुमच्या कोटाच्या खिशातल्या."

तो हसत उठला, खिशात हात घातला, आणि हसू तिथेच थांबलं. हातात एक लाल हातमोजा होता. डाव्या हाताचा, बायकी. "हा मी नाही ठेवला," तो म्हणाला. "खरंच नाही. कुणाचा गं असेल? बाकावर कोट काढला होता का मी कधी? वखारीपाशी?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. तपशील एकही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी नवरा बूट घालून दारात उभा होता. वेलांटी चुकलेली त्याला सहन होत नसे, मग हे कसं व्हावं? "चल लवकर," तो म्हणाला. "वखारीपासून सुरुवात करू. कुणाचा तरी असणारच ना तो."

"आले," ती म्हणाली. उजव्या हाताचा लाल हातमोजा तिच्या खणात कागदांच्या खाली होता, दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. तिनं खण नीट लावला, पट्ट्याचा कोट चढवला, आणि फाइल चालूच ठेवली.