तळघरातली शांतता

शांतता राखणं मला कोणी शिकवू नये. आमच्या फीनच्या दुपारच्या झोपेसाठी मी दारांच्या बिजागऱ्यांना लोणी लावलंय आणि कुत्र्याला सासूबाईंकडे धाडलंय. तरी पोरगी मधेच दचकून उठते, ते का, हे डॉक्टरांनाही कळत नाही.

म्हणून लाम्बेरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कंपनं मोजायचं यंत्र कुठे ठेवू असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "आपल्या तळघरात. अख्ख्या लिम्बर्ग प्रांतात याहून शांत घर दाखव."

आमच्या टेकड्यांखाली एक दुर्बीण पुरायची आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्याची थरथर इथवर येते म्हणे, ती टिपायला. थरथर इतकी नाजूक, की शेजारच्या गायीनं कूस बदलली तरी हरवेल. तेव्हा आधी जमीन गप्प असते हे सिद्ध करायचं. नाही जमलं तर दुर्बीण स्पर्धेतल्या सार्डिनिया बेटावर आणि लाम्बेर घरी.

जबाबदारी मोठी! फीन झोपली की मी लोकरी मोजे घालून खाली जायचे आणि यंत्राशेजारी उभी राहून सगळं शांत आहे ना, याची खात्री करायचे.

तरी आलेखात रोज दुपारी एक उंचवटा. लाम्बेरनं आधी समुद्राच्या लाटांवर संशय घेतला, मग पवनचक्क्यांवर. शास्त्रज्ञ तो, लांबचंच दिसणार. मी मात्र शेजारच्या पिएरकाकांना धरलं. ते कार्निव्हलच्या बँडमध्ये ट्यूबा हा भलामोठा पितळी कर्णा वाजवतात, आणि सराव भर दुपारी. चेरीचा फ्लाय, म्हणजे आमच्याकडचा फळांचा टार्ट, भाजून घेऊन गेले.

"पोरी," काका फ्लाय कापत म्हणाले, "ती विवरं आदळून किती वर्षं झाली?"

"अब्जावधी."

"मग कार्निव्हल होईपर्यंत थांबतील की."

शेवटी ट्यूबा हातगाडीवर घालून गावाबाहेरच्या गोठ्यात गेली. तेव्हापासून मी बेकरीत शिरले की सगळे कुजबुजत पाव मागतात.

उंचवटा मात्र वाढला. मीही खालच्या फेऱ्या वाढवल्या.

एके दिवशी लाम्बेर आलेख घेऊन आला आणि माझ्या मोज्यांकडे बघत राहिला.

"तू खाली जातेस?"

"जाते. पण आवाज? मी श्वाससुद्धा घेत नाही."

"आवाजाचं नाही गं. तू उभी राहिलीस की फरशी दबते. यंत्राला..."

तो थांबला. पण उशिरा.

"यंत्राला काय?"

"वजन कळतं."

त्यानंतर आमच्या घरात जी शांतता पसरली, तशी युरोपात कुठे मोजली गेली नसेल. आलेख सपाट! जागा निवडणाऱ्या समितीनं खास कौतुक केलं. अहवालात लाम्बेरनं लिहिलं, 'अडथळ्याचं कारण सापडलं, दूर केलं.' दूर कोणाला केलं, ते सासूबाईंना विचारा. तो तिथूनच लिहीत होता, कुत्र्याशेजारी बसून.

आता तो परत आलाय. मी तळघरात पाऊल टाकत नाही. वाचलेला सगळा वेळ मी फीनच्या पाळण्यावर वाकून उभी असते, झोप लागलीय ना, हे बघत.

अजून दचकून उठते बिचारी. काही केल्या कारण सापडत नाही.