आमटीत दिवा लावणारे सर

गंगाधर सर आमटीत दिवा लावल्याशिवाय जेवत नसत. दोन सेल, टॉर्चचा बल्ब, वायर आणि जुन्या सेलमधून काढलेल्या दोन काळ्या कांड्या, एवढा सरंजाम त्यांनी एका फळीवर ठोकला होता. कांड्या वाटीत बुडवायच्या, बल्बकडे पाहायचं, मगच पहिला घास.

चारठाण्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. रासायनिक बंध हा सरांचा लाडका धडा. "सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, झालं मीठ. साखरेत देणंघेणं न्हाई, तिथं इलेक्ट्रॉन सामाईक." मग दोन ग्लास पाण्यात दोन्ही विरघळवत. मिठाच्या पाण्यात दिवा लागे, साखरेच्या पाण्यात लागत नसे. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या तव्यावर मीठ आणि साखर शेजारी ठेवली. साखर वितळली, मीठ तसंच राहिलं. हे वरबापाला पटेपर्यंत पंगत अर्धा तास थांबली.

घरातल्या दिव्याचं कारण वेगळं होतं. सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, पायांवर सूज येई. हृदय अशक्त आहे, मीठ बंद, असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस नामांतराच्या आंदोलनाचे. एसटी कधी बंद पडेल, सांगता येत नसे. काकूंना दम लागला तर परभणीला न्यायचं कसं, याचं उत्तर सरांकडे नव्हतं. मिठावर पहारा तेवढा ठेवता येत होता.

एका दुपारी मी तिथे जेवायला होतो. काकूंनी वाट्या वाढल्या. आमटी एकाच पातेल्यातली, म्हणून सरांनी हाताशी आलेल्या वाटीत कांड्या बुडवल्या. बल्ब लागला.

"मीठ घातलंस!"

"चिंच जास्ती पडली असंल."

"चिंचेनं दिवा मिणमिणतो. हा लखलखायलाय!"

"चोर धरल्यावानी वरडू नका. पाहुणे बसलेत."

"बसू दे. गाड्या बंद हायेत. तुला काय पाठीवर घेऊन जाऊ परभणीला?"

"तुमच्यानं घागर उचलत न्हाई, मला काय उचलता!"

"हसू नको," सर म्हणाले.

काकूंनी पदराला हात पुसले. "ती वाटी तुमची हाय, माझी न्हाई. तिच्यातच टाकलं. डाक्टरानं मीठ माझं बंद केलं, आन आठ महिने झाले तुमी बी अळणीच खायलाव. सदरा बघा कसा लोंबायलाय अंगावर. म्हणलं, चिमूटभर तरी पोटात जावं."

सरांनी कांड्या पुसल्या. मग ती वाटी त्यांनी माझ्या ताटाकडे सरकवली.

"ही तुमी घ्या," म्हणाले, आणि पातेल्यातली अळणी आमटी स्वतःच्या भातावर ओतून घेतली.