दौलतगंजच्या दुपट्याची मोहीम

कुलस्वामिनीस स्मरून आणि घरच्या बायकांची आगाऊ माफी मागून, लष्कर ग्वाल्हेर, मोहल्ला दौलतगंज येथे ऐन थंडीत जे घनघोर घडले ते जसे घडले तसे लिहितो. रयतेने बोध घ्यावा, हसू आल्यास पदराआड हसावे.

राजमान्य दिनकरराव, सरकारी दफ्तरातून पेन्शनीत आलेले, यांची कन्या कुमुदिनी माहेरी बाळंत होऊन पुत्ररत्न झाले आणि बारशाला उज्जैनीहून विहीण मंदाताई यांची खाशी स्वारी येणार अशी खबर आली. मंदाताईंचा दरारा असा की, थोरल्या सुनेच्या माहेरचे दुपटे त्यांनी चाचपून "पोतं छान आहे" एवढेच म्हटले, आणि ते घराणे अजून मान वर करीत नाही. तेव्हा रावांचे कुटुंब राजलक्ष्मीबाई यांनी आपली मऊ लुगडी काढून दुपट्याचा संकल्प सोडला. पण कुळाचार आडवा आला: बारशाचा दिवस उजाडेपर्यंत घरात सुई धरायची नाही, बाळाच्या पोटात कळ येते. म्हणजे सुई बारशाच्या सकाळी हाती येणार आणि दुपारी विहीण दारात. लुगड्यांचे थर घसरू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालायचे आणि मग शिवायचे, एवढी फुरसत कुणाला?

मग रावांनी मसलत भरवली आणि फर्मावले की थर आधीच चिकटवून ठेवावेत, बारशाला नुसती शिवण मारावी. आणि चिकटवण्याच्या कामी आपल्याएवढा जाणकार रियासतीत नाही, कारण उभी हयात लखोटे बंद करण्यात गेली.

पहिली स्वारी गव्हाच्या खळीची. थर लेपून उन्हात घातले आणि राव पानसुपारीला बसले, तोच मोरीतून लाल मुंग्यांची फौज चालून आली आणि दुपट्यावर छावणी टाकती झाली. राव दुपटे झटकायला गेले आणि धोतर झटकत परतले.

मग राव जातीने बाजारात कूच करते झाले. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, अलमारी जोड़नी है?" राव म्हणाले, "बच्चे की रज़ाई." दुकानदाराने आभाळाकडे पाहिले आणि सुतारकामाचा सरस तोलला. तो रावांनी दुधाच्या पातेल्यात शिजवला. वाळल्यावर दुपटे उचलावे तर दारासारखे उभे राहिले, ठोकावे तर वाजले. त्यात सरस हाडाकातड्याचा असतो असे राजलक्ष्मीबाईंस कळले आणि सगळ्या घरावर गोमूत्र शिंपडले गेले, रावांवर किंचित जास्तच. पातेले हद्दपार झाले, लुगडी कढत पाण्यात भिजवून कशीबशी सोडवली.

हिंमत न हारता रावांनी डिंकाच्या डब्यावर छापा घातला. तो डिंक बाळंतिणीच्या लाडवांचा. आतल्या खोलीतून हुकूम सुटला, "बाबा, डिंकाला हात लावलात तर बारशाला मी बाहेर येणार नाही. घ्या मग पाळणा म्हणायला तुम्हीच."

रावांनी तह केला, म्हणजे डबा ठेवला.

मग राजलक्ष्मीबाईंनी कुणाचा सल्ला न घेता साबुदाण्याची पातळ कांजी केली, जी रावांच्या उपरण्याला दर आठवड्यास लागते आणि रावांस ठाऊक नाही, आणि थरांवर हलकी शिंपून वरून गरम इस्त्री फिरवली. बारशाच्या सकाळी सुई चालली ती चाललीच, थर तसूभर हलले नाहीत.

दुपारी मंदाताई आल्या. दुपटे चाचपले, हुंगले, आणि विचारत्या झाल्या, "थर कशाने धरलेत? खळ असेल तर आत्ताच सांगा. आज माझी एकादशी, मला धान्याचा स्पर्श नको."

राव लखोट्यांविषयी काही सांगणार होते, पण राजलक्ष्मीबाईंनी नुसते पाहिले आणि ते बसले.

"साबुदाण्याची कांजी आहे, विहीणबाई. उपवासाला चालते."

मंदाताईंनी दुपट्याची चारी टोके उलटसुलट करून बोल लावायला जागा शोधली, ती सापडली नाही, आणि मग नाइलाजाने नातवास दुपट्यासकट मांडीवर घेतले.

येणेप्रमाणे दौलतगंजची फत्ते झाली आणि वहिवाटीस धरून दिनकररावांच्या नावे लिहिली. बाळराजांनी त्याच क्षणी दुपट्यावर ओला शिक्का उमटवला, तो पार मंदाताईंच्या पैठणीपावेतो उतरला. मोर्तब झाले.